पाचशे जीबीच्या डिस्कवर १ के

डिस्क ५०० जीबीची आणि तिच्या चौथ्या पार्टिशनपुढे, म्हणजे पाडलेल्या चौथ्या भागापुढे, आकार दिसतोय १ के, म्हणजे जेमतेम एक केबी. फोनवर हे सांगणाऱ्या पोरानं निदानसुद्धा करून टाकलं होतं. "काका, डिस्क गेली बहुतेक. मामा विचारतात, नवीनच घेऊया काय?"

मी म्हटलं, काही घेऊ नका आणि आता आणखी काही दाबूही नकोस. येतो मी.

बेळगावच्या शहापुरातल्या एका गल्लीत हा छापखाना आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, गणेशोत्सव मंडळांची वर्गणीची बुकं, यात्रांची हँडबिलं. पत्रिकेची एक बाजू मराठी आणि दुसरी कन्नड, हे बेळगावात रोजचंच. नवरा खानापूरचा आणि नवरी धारवाडकडची असली की दोन्हीकडच्या पाहुण्यांना वाचता यायला हवं. गिऱ्हाईक निपाणीहून येतं, चंदगडहून येतं. मजकूर लावायला पेजमेकर, मराठीला श्रीलिपी, कन्नडला नुडी आणि हे सगळं चालतं विंडोज ७ वर. जुन्या फाइली त्याच फॉन्टांत अडकलेल्या असल्यामुळे विंडोज सोडवत नाही. पण मायक्रोसॉफ्टनं विंडोज ७ चं अपडेट १४ जानेवारी २०२० ला थांबवलं आणि इथं त्याच मशीनवर गिऱ्हाइकांची मेल, व्हॉट्सअ‍ॅप वेब आणि कुणाकुणाचे पेनड्राइव्ह. म्हणून ठरलं असं की विंडोजमधलं नेट बंद करून टाकायचं आणि नेटचं, साठवणीचं काम त्याच मशीनवर शेजारी लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम टाकून तिकडे न्यायचं. आषाढात पत्रिकांचं काम थंड असतं, तेव्हाचा मुहूर्त धरला होता. आषाढात कसला आलाय मुहूर्त, हे मालकांनी लगेच ऐकवलं. मालकांना सगळी गल्ली अण्णा म्हणते, मीही.

त्यांचा भाचा इंजिनिअरिंगला आहे. डेबियन या लिनक्सचा लाइव्ह (डिस्कवर न बसवता थेट चालणारा) पेनड्राइव्ह त्यानंच बनवला होता आणि सुरुवातही त्यानंच केली होती. मी पोचलो तेव्हा स्क्रीनवर त्याचा शेवटचा प्रयत्न तसाच होता. एसडीए४ वर, म्हणजे लिनक्सच्या भाषेत पहिल्या डिस्कच्या चौथ्या पार्टिशनवर, एमकेएफएस हा फाइलसिस्टीम (फाइली ठेवायची मांडणी) बनवणारा प्रोग्राम चालवलेला आणि खाली आलेला नकार. त्या नकाराचा मजकूर असा की आयनोडचा, म्हणजे प्रत्येक फाइलसाठीच्या नोंदीचा, आकार १२८, आयनोडची संख्या ०, आणि हा गुणाकार ० ब्लॉकच्या फाइलसिस्टीमसाठी फार मोठा होतो. शून्यानं गुणलेली गोष्ट शून्यात मावत नाही म्हणे! त्याच्या वर आणखी एक ओळ होती, तिच्याकडे पोराचं लक्ष गेलं नव्हतं. एसडीए४ मध्ये डॉस पद्धतीचा पार्टिशन टेबल सापडला, तरी पुढं जायचं का, असं एमकेएफएसनं आधी विचारलं होतं. त्यानं ‘वाय’ दाबलं होतं. खरी बातमी त्या ओळीत होती.

एसडीए४ हे एक्स्टेंडेड पार्टिशन. ते रिकामं दिसतं, मोठं दिसतं, पण फाइलसिस्टीम त्याच्यावर होत नाही. त्याच्या आत लॉजिकल पार्टिशन पाडायचं, आणि फाइलसिस्टीम त्या लॉजिकलवर. अण्णांना हे मी दोन वाक्यांत सांगितलं, तर ते म्हणाले, "म्हणजे लेआउट झालाय, प्लॉट पाडलेच नाहीत, आणि आमचं पोरगं घराचा पाया काढायला गेलंय." वडगाव-अनगोळकडे गुंठ्यांचे व्यवहार बघितलेल्या माणसाला याहून जास्त समजवायची गरज नव्हती.

भाच्याला मात्र कारण हवं होतं. चारचीच अडचण का, हा त्याचा पहिला प्रश्न, आणि तो रास्त होता.

जुन्या पद्धतीच्या डिस्कचा पहिला सेक्टर म्हणजे एमबीआर. तो ५१२ बाइटचा. त्यातले पहिले ४४६ बाइट मशीन सुरू करणाऱ्या कोडला, शेवटचे दोन बाइट खुणेचे, मध्ये उरले ६४. एका पार्टिशनची नोंद १६ बाइटची. भागाकार केला की ४. ही मांडणी १९८३ मध्ये पीसी डॉस २.० बरोबर आली, तेव्हा आयबीएमच्या पीसी एक्सटीत डिस्क असायची १० एमबीची. दहा एमबीचे चाराहून जास्त तुकडे कोण करणार? मग डिस्क वाढल्या आणि चार कमी पडायला लागले. तोवर टेबलची जागा बदलणं शक्य नव्हतं, म्हणून १९८७ मध्ये डॉस ३.३ नं पळवाट काढली. चारपैकी एका नोंदीला ‘एक्स्टेंडेड’ असा प्रकार द्यायचा आणि त्या पट्ट्यात आत हवे तेवढे लॉजिकल तुकडे करायचे. लिनक्समध्ये एक ते चार हे आकडे त्या मूळ चार नोंदींसाठी राखीव असतात, त्यामुळे लॉजिकल पार्टिशन नेहमी पाचपासून सुरू होतं, भले तीन आणि चार मोकळे असोत.

आजच्या मशीनवर हा घोळ नाही. जीपीटी या नव्या पद्धतीच्या टेबलात साधारणपणे १२८ नोंदींची जागा असते आणि एक्स्टेंडेड ही भानगडच नसते. पण या छापखान्याचं मशीन जुन्या बायोसचं, आणि विंडोज जीपीटी डिस्कवरून सुरू व्हायचं तर यूईएफआय, म्हणजे बायोसची नवी पिढी, लागतं. पेजमेकर जगवायचा तर एमबीआर सांभाळावाच लागणार होता.

आता तो १ के. लिनक्सचा कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, एक्स्टेंडेड पार्टिशनचा खरा आकार मुद्दाम दाखवत नाही. वरून फक्त दोन सेक्टर, म्हणजे १०२४ बाइट, उघडे ठेवतो. कर्नलच्या त्या कोडात प्रोग्रामरनं टीपच लिहून ठेवली आहे की कुणी एक्स्टेंडेडवर एमकेएफएस किंवा एमकेस्वॅप चालवू नये म्हणून हे, आणि लिलो या जुन्या बूटलोडरला (सिस्टीम सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामला) बसायला जागा राहावी म्हणून एवढं तरी. भाच्यानं जे केलं ते करणारे लोक निघणार, हे कुणीतरी आधीच ओळखून ठेवलं होतं. मला ही गोष्ट फार आवडते. इशारा देणारे प्रोग्राम पुष्कळ असतात, वाटच अरुंद करून ठेवणारे कमी.

एक्स्टेंडेड तिथं आलं कुठून, हेही बोलता बोलता कळलं. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये पहिली तीन पार्टिशन प्रायमरी होतात आणि चौथं करायला गेलं की ते न विचारता एक्स्टेंडेड करून त्याच्या आत लॉजिकल ड्राइव्ह बनवतं. अण्णांचा ई ड्राइव्ह असाच तयार झाला होता. भाच्यानं ई रिकामा करून डिलीट केला. तिथं त्याला हिरव्या रंगाची ‘फ्री स्पेस’ दिसली आणि वाटलं की झालं मोकळं. खरं मोकळं झालं की काळ्या पट्टीखाली ‘अनअ‍ॅलोकेटेड’ लिहून येतं. हिरवं म्हणजे आतला तुकडा गेला, बाहेरची चौकट तशीच. ही चौकट आपल्याला हवीच होती, त्यामुळे त्यानं अर्धं काम केलेलं होतं असंच मी अण्णांना सांगितलं. पोराचा चेहरा जरा खुलला.

तरीही डिस्क बरी आहे याची खात्री आधी. स्मार्टसीटीएल या प्रोग्रामनं डिस्कनं स्वतः ठेवलेली तब्येतीची नोंद वाचली. बदलून घेतलेले सेक्टर शून्य, बदलायला रांगेत असलेले शून्य, छोटी चाचणी बिनतक्रार पार पडली. डिस्क ठणठणीत होती. दुसरी खात्री यूपीएसची. जुलैत आमच्याकडे पाऊस एकदा लागला की वीज कधी जाईल सांगता येत नाही, आणि पार्टिशन टेबल लिहिताना मशीन बंद पडणं मला परवडणारं नव्हतं. मेन स्विच पाडून बघितला, मशीन चालू राहिलं, मग बसलो.

पहिलं काम म्हणजे टेबलची नक्कल. यासाठी बरेच जण डीडी या नक्कल करणाऱ्या कमांडनं पहिले ५१२ बाइट उचलून ठेवतात. एमबीआरवर नुसती प्रायमरी पार्टिशन असतील तर ते पुरतं, लॉजिकल असतील तर नाही. लॉजिकलची माहिती पहिल्या सेक्टरमध्ये नसतेच. प्रत्येक लॉजिकल पार्टिशनच्या आधी त्याचा स्वतःचा एक छोटा टेबल असतो, त्याला ईबीआर म्हणतात. त्यात पहिली नोंद ‘माझं पार्टिशन इथून एवढं’ आणि दुसरी नोंद ‘पुढचा ईबीआर तिथं’. अशी साखळी. मधली कडी तुटली की पुढची सगळी पार्टिशन दिसेनाशी होतात, डेटा जागच्या जागी असूनसुद्धा. म्हणून एसएफडिस्क या प्रोग्रामचा डंप, म्हणजे टेबलचा लेखी उतारा, काढायचा. ती साधी टेक्स्ट फाइल असते, प्रत्येक पार्टिशनची सुरुवात आणि लांबी सेक्टरमध्ये लिहिलेली, लॉजिकलसकट. ती पेनड्राइव्हवर ठेवली. डी ड्राइव्हवरच्या पत्रिकांची वेगळी प्रत अण्णांच्या बाहेरच्या डिस्कवर होती. ती उघडून दोन-चार फाइली वाचून बघितल्या, कारण प्रत आहे असं सांगणं वेगळं आणि ती वाचता येणं वेगळं.

लाइव्ह सेशनच्या फाइल मॅनेजरनं डी ड्राइव्ह परस्पर जोडून ठेवला होता. तो आधी अनमाउंट केला. डिस्कचं एखादं पार्टिशन वापरात असलं तर एफडिस्क हा पार्टिशन पाडणारा प्रोग्राम नवा टेबल लिहून मोकळा होतो, पण कर्नल जुनाच धरून बसू शकतो. मग कर्नलला टेबल पुन्हा वाचायला लावणारं पार्टप्रोब करा नाहीतर रीबूट करा, आणि मधल्या वेळात चुकीच्या आकारावर फाइलसिस्टीम बनवायची सोय तयारच.

एफडिस्क भाच्यालाच चालवायला दिला. मी खुर्चीच्या मागे. ‘पी’ दाबून आहे ते बघून घे, मग ‘एन’. प्रायमरीची जागा भरली आहे, लॉजिकल पाचवं घालतो, असं एफडिस्क स्वतःच म्हणाला. प्रायमरी की एक्स्टेंडेड हा प्रश्नही आला नाही. पहिला सेक्टर कुठला, तर तो सुचवेल तोच घ्यायचा. एक्स्टेंडेडच्या सुरुवातीपासून २०४८ सेक्टर, म्हणजे एक एमबी, सोडून तो पुढं सरकतो. त्या एका एमबीच्या तोंडाशी ईबीआर बसतो आणि पार्टिशन एक एमबीच्या हद्दीवर नीट जुळतं. आजच्या ४ केबी सेक्टरच्या डिस्कना आणि एसएसडींना हे जुळणं लागतं. भाचा म्हणाला, एक एमबी वाया. म्हटलं, जाऊ दे की. एका पत्रिकेचा फोटोसुद्धा आज त्यात मावत नाही.

पाचवं ४० जीबी, लिनक्ससाठी. सहावं ४ जीबी, स्वॅप (रॅम कमी पडली तर वापरायची जागा), त्याचा प्रकार ‘टी’ दाबून ८२. सातवं उरलेलं सगळं, १७१ जीबीच्या आसपास, छपाईच्या साठवणीला. बाकी दोघांचा प्रकार आपोआप ८३ होतो.

‘डब्ल्यू’ दाबून लिहायच्या आधी मी त्याला थांबवलं आणि एक गंमत दाखवली. ‘डी’ दाब, सहावं काढ, आता ‘पी’. यादीत पाच आणि सहा. सातवं होतं ते सहावं झालं. प्रायमरीत असं होत नाही, दोन नंबर काढला तरी तीन तीनच राहतो. लॉजिकलला स्वतःचा नंबरच नसतो, साखळीत कितवं एवढीच त्याची ओळख. उद्या कुणी स्वॅप काढून टाकलं आणि एफएसटॅबमध्ये, म्हणजे सुरू होताना काय काय जोडायचं त्या यादीत, एसडीए७ असं लिहिलेलं असलं, तर मशीन सुरू होताना ते सातवं शोधत बसेल. म्हणून यूयूआयडी, म्हणजे नंबर बदलला तरी तोच राहणारा ओळख क्रमांक. हे पुस्तकात वाचून डोक्यात राहत नाही, एकदा यादीत सात नंबर गायब झालेला बघितला की राहतं. मग ‘क्यू’ दाबून न लिहिता बाहेर, पुन्हा पहिल्यापासून तीन पार्टिशन, आणि आता ‘डब्ल्यू’.

एलएसबीएलके या कमांडच्या यादीत पाच, सहा, सात आले. एसडीए४ पुढे अजून १ के. ते तसंच राहणार.

त्या १ के मध्ये आहे तरी काय, हे बघायला एसडीए४ चा पहिला सेक्टर हेक्सडम्पनं उघडला. सगळा शून्यांचा रकाना आणि शेवटी शेवटी थोडीशी वस्ती. एमबीआरमध्ये जिथं टेबल असतो त्याच ४४६ व्या बाइटपासून पहिली नोंद, त्यात ८३ हा प्रकार, मग ०० ०८ ०० ००. उलट्या क्रमानं वाचलं की २०४८, एफडिस्कनं सोडलेली तीच जागा. पुढच्या नोंदीत ०५, म्हणजे पुढच्या कडीचा पत्ता. आणि शेवटी ५५ एए, ती दोन बाइटची खूण. दोन नोंदींच्या जागा कोऱ्या. भाच्यानं फोनवर फोटो काढून घेतला. एकच बारकावा सांगितला, कारण हातानं दुरुस्ती करायची वेळ आली तर माणसं तिथंच फसतात. पहिल्या नोंदीतलं अंतर त्या ईबीआरपासून मोजलेलं असतं आणि दुसऱ्या नोंदीतलं एक्स्टेंडेडच्या सुरुवातीपासून.

यावर त्यानं विचारलं की लिनक्सऐवजी फ्रीबीएसडी टाकलं तर हेच का. थोडं हेच, थोडं वेगळं. तिथं एमबीआरच्या पार्टिशनला स्लाइस म्हणतात आणि एका स्लाइसच्या आत त्यांचं स्वतःचं लेबल असतं, त्यात ए, बी अशी अक्षरांची पार्टिशन. म्हणजे चारच्या अडचणीवर त्यांचं आपलं वेगळं औषध, आणि फाइलसिस्टीम बनवायला न्यूएफएस. एक्स्टेंडेडच्या आतले तुकडे तिथंही पाचपासून पुढं मोजतात, पण फ्रीबीएसडी बसवायला प्रायमरीच जागा मागतं. आपल्याकडे ती शिल्लक नव्हती. लिनक्सला तो हट्ट नाही. ग्रब या आजच्या बूटलोडरचा पहिला भाग एमबीआरमध्ये, पुढचा भाग पहिल्या पार्टिशनच्या आधीच्या मोकळ्या जागेत, आणि तिथून तो लॉजिकलवरचं लिनक्स खुशाल उचलतो.

फाइलसिस्टीम बनवणं हा यातला सगळ्यात छोटा भाग. एक्स्ट४ घ्यायचं ठरलेलंच होतं; २००८ च्या डिसेंबरमधल्या २.६.२८ कर्नलपासून ते पक्कं म्हणून आलं, आणि छापखान्यात मला नवलाई नको असते. पाचव्यावर साध्या पर्यायांनी. सातव्यावर दोन गोष्टी वेगळ्या. एक्स्ट४ न सांगता पाच टक्के जागा रूट या मुख्य खात्यासाठी राखून ठेवतं. सिस्टीमच्या पार्टिशनवर ते शहाणपणाचं असतं, डिस्क भरली तरी मशीन हलवता येतं. पण नुसत्या साठवणीच्या १७१ जीबीत ते साडेआठ जीबी झाले. एक टक्का पुरे म्हणून सांगितलं.

दुसरी गोष्ट लेबलची. अण्णा म्हणाले, "नाव मराठीत घाल गा." भाच्यानं ‘पत्रिका’ लिहिलं. एक्स्ट४ च्या लेबलला जागा १६ बाइट, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एक चिन्ह तीन बाइट खातं. प, त, हलन्त, र, वेलांटी, क, काना, अशी सात चिन्हं, २१ बाइट. मावत नाही. ‘छपाई’ची चार चिन्हं, १२ बाइट, बसलं. टर्मिनलमध्ये अक्षरं जरा विस्कटलेली दिसतात, पण बीएलकेआयडीत आणि फाइल मॅनेजरमध्ये नाव बरोबर येतं. डोळ्यांसाठी लेबल, मशीनसाठी यूयूआयडी, अशी वाटणी केली.

सातव्यावर एमकेएफएस चालवलं तेव्हा सुमारे ४ कोटी ४८ लाख ब्लॉक, १ कोटी १२ लाख आयनोड, आणि सुपरब्लॉकच्या (फाइलसिस्टीमच्या मुख्य नोंदीच्या) नकला कुठं कुठं ठेवल्या त्याची यादी, ३२७६८, ९८३०४, १६३८४०, असे आकडे सर्रकन येऊन गेले. पहिला सुपरब्लॉक बिघडला तर ईटूएफएससीके या दुरुस्तीच्या प्रोग्रामला यातला एखादा आकडा देता येतो. अण्णांना शंका आली की एवढ्या लवकर कसं झालं, विंडोजला फॉरमॅटला चहा पिऊन यावं लागतं. खरं म्हणजे ते झालेलं नसतं. एक आयनोड २५६ बाइटचा, एक कोटी बारा लाख आयनोड म्हणजे पावणेतीन जीबीच्या आसपासचा तक्ता. तो सगळा शून्यांनी भरायचं काम एमकेएफएस पुढं ढकलतं आणि पहिल्यांदा माउंट केलं की कर्नल सावकाश ते उरकतो. म्हणून नंतर कुणी काही करत नसताना डिस्कचा लाल दिवा लुकलुकत राहिला. "व्हायरस शिरला काय गा?" असा आवाज आतून आलाच. माहीत नसेल तर घाबरायला होतं खरं.

डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये हातानं पार्टिशन निवडायचा पर्याय घेतला, पाचवं मूळ, सहावं स्वॅप, सातव्याला हात लावायचा नाही. ग्रबच्या यादीत विंडोज ७ ची ओळ दिसेपर्यंत अण्णा उठले नाहीत. ती दिसली, पेजमेकर उघडला, एक जुनी पत्रिका श्रीलिपीसकट जशीच्या तशी आली, तेव्हा कुठं आतून चहा आणि कुंदा आला.

सातवं रोज आपोआप जोडलं जावं म्हणून एफएसटॅबमध्ये एक ओळ. यूयूआयडी, माउंट करायची जागा, एक्स्ट४, आणि पर्यायांत ‘नोफेल’. हा ‘नोफेल’ मी साठवणीच्या पार्टिशनला कधी विसरू देत नाही. तो नसला आणि पार्टिशन काही कारणानं सापडलं नाही, तर मशीन सुरू होताना दीड मिनिट वाट बघून इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसतं. छापखान्यात सकाळी सातला दार उघडणाऱ्या कामगारानं त्या काळ्या स्क्रीनचं काय करायचं? फाइल लिहिल्यावर फाइंडएमएनटीला ती तपासायला सांगितली, मग माउंट -ए, आणि त्यानंतरच रीबूट. नव्या फाइलसिस्टीमचा मालक रूट असतो, म्हणून माउंट झाल्यावर फोल्डर अण्णांच्या खात्याच्या नावावर करून दिलं. माउंटच्या आधी केलं असतं तर ते खालच्या रिकाम्या फोल्डरला लागलं असतं.

खरी मजा फाइली आणताना आली. आरसिंक या नक्कल करणाऱ्या प्रोग्रामनं डी ड्राइव्हवरून छपाईवर नक्कल सुरू केली, हजारो फाइली गेल्या, आणि मधूनमधून चूक क्रमांक ३६, नाव फार लांब. विंडोजवर त्या फाइली वर्षानुवर्षं सुखात होत्या. भाच्याला वाटलं लॉजिकल पार्टिशनमुळे असेल. त्याचा काही संबंध नाही. एनटीएफएसमध्ये फाइलच्या नावाला २५५ चिन्हं चालतात आणि देवनागरीचं अक्षर, काना, मात्रा प्रत्येकी एकच धरतात. एक्स्ट४ मध्ये २५५ ची हद्द बाइटची. तीननं भागलं की ८५. म्हणजे मराठी किंवा कन्नड नावाला जेमतेम एक तृतीयांश जागा.

आणि आमच्या नावांची तऱ्हा बघा. पेजमेकरच्या फाइलींना पहिल्यापासून छोटी इंग्रजी नावं. पण प्रूफच्या पीडीएफ आणि गिऱ्हाइकांनी पाठवलेला मजकूर यांना अण्णांचा मुलगा पत्रिकेचा मजकूरच नाव म्हणून द्यायचा. ‘चि.सौ.कां.’ एवढ्यालाच तीन टिंबं धरून २४ बाइट. ‘शुभविवाह’ आणखी २४. नवऱ्याचं नाव, बापाचं नाव, आडनाव, गाव, तेच नवरीकडून, मग ‘मराठी कन्नड दोन्ही बाजू’, आणि शेपटाला ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल आत्याचं नाव घालून’. हे शेवटचं मी रचलेलं नाही.

ऑक या मजकूर चाळणाऱ्या प्रोग्रामला सी लोकेलमध्ये, म्हणजे बाइट मोजणाऱ्या भाषा-सेटिंगमध्ये, २५५ बाइटांपेक्षा लांब नावं मागितली, कारण मराठी लोकेलमध्ये तो बाइट न मोजता अक्षरं मोजू शकतो. बरीच मोठी यादी निघाली. नावं आपोआप कापायला मी तयार नव्हतो. कापताना एखाद्या चिन्हाच्या तीन बाइटांपैकी एक मागे राहिला की नावाच्या टोकाला प्रश्नचिन्हाचा चौकोन लटकतो, आणि ‘फायनल’ आणि ‘फायनल नवीन’ कापल्यावर एकाच नावाचे होऊन एकानं दुसऱ्याला गिळलं असतं. अण्णांचंही म्हणणं होतं की नाव वाचूनच तर पत्रिका सापडते. बराच वेळ घासाघीस झाली. शेवटी वर्षाचं फोल्डर, त्यात महिन्याचं, त्यात दोन्हीकडची आडनावं आणि गावं एवढंच फाइलच्या नावात, यावर तोड निघाली. वर्ष आणि महिना मात्र इंग्रजी आकड्यांत. ‘२०२४’ असं देवनागरीत लिहिलं तर १२ बाइट जातात, इंग्रजी आकड्यांत चार. ते ऐकून मुलगा म्हणाला, आकडे इंग्रजी आणि नाव मराठी, हे बिलबुकात चालतंय तर इथंही चालू दे.

नावं डी ड्राइव्हवरच बदलून घेतली, मग आरसिंक पुन्हा. शेवटी एकदा चेकसम लावून, म्हणजे दोन्हीकडच्या फाइलींचा मजकूर ताडून बघायला, काही न लिहिणारी कोरडी फेरी मारली. काही उरलं नाही.

विंडोजला एक्स्ट४ वाचता येत नाही, त्यामुळे तिकडून छपाई दिसत नाही. चालू कामाच्या पेजमेकर फाइली डी वरच ठेवायच्या आणि झालेलं काम लिनक्समधून छपाईवर आणायचं, असा रिवाज घालून दिला, कारण लिनक्सला दोन्ही वाचता येतात. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये मात्र ती तीन लॉजिकल पार्टिशन नुसती बिननावाची, रिकाम्यासारखी दिसतात. रिकामी जागा आहे असं समजून कुणी तिथं डिलीट दाबू नये, म्हणून मॉनिटरच्या कडेला एक स्टिकर लावायला सांगितला. अण्णांनी तो कन्नड आणि मराठी, दोन्हींत छापून घेतला. आणि सगळं झाल्यावर एसएफडिस्कचा डंप नव्यानं काढला, कारण सकाळचा आता खोटा झाला होता.